भूसुरुंगरोधक गाडी म्हणजे काय? ती कोणाला वाचवते, आणि कुठे कमी पडते?

मेढ्याच्या आसपास, जावळीच्या खडकाळ पट्ट्यात, ज्याने विहीर खणली आहे त्याला सुरुंग म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. खडक लागला की भोक पाडायचं, त्यात दारू भरायची, वरून माती-मुरूम ठासायचा, वात पेटवायची आणि लांब पळायचं. ठासणी कच्ची राहिली तर सगळा जोर भोकातून वर निघून जातो, खडक जागचा हलत नाही. ठासणी पक्की असेल तर तीच दारू मोठी शिळा फोडते. जुन्या लोकांना हे तोंडपाठ आहे.

रस्त्यात पुरलेला बॉम्ब याच नियमाने चालतो. फरक एवढाच, की तिथे वरून शिळेच्या जागी गाडी असते आणि गाडीत माणसं असतात.

सातारा जिल्हा फौजेचा जिल्हा आहे. अपशिंगे (मिलिटरी) या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा बळी गेला, त्यांचं स्मारक आजही गावात आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच सुरू झालं. आजही पहाटे रस्त्याने धावणारी पोरं दिसतात. कोणी आर्मी भरतीसाठी, कोणी एसआरपीएफसाठी, कोणी सीआरपीएफसाठी. त्यात आपल्या मोहल्ल्यातली मुलंही असतात. मुलगा भरती झाला, पोस्टिंग काश्मीर, छत्तीसगड किंवा गडचिरोलीला लागली, की घरात टीव्हीवरच्या बातम्यांकडे बघायची नजर बदलते. तिथे एक शब्द सारखा कानावर पडतो : ‘एमपीव्ही’, म्हणजे माइन प्रोटेक्टेड व्हेइकल. मराठी पेपरात तिला भूसुरुंगरोधक किंवा भूसुरुंगविरोधी वाहन म्हणतात.

ही गाडी असली म्हणजे पोरगा सुरक्षित, असं बऱ्याच घरात समजतात. काही जण उलट म्हणतात, की या गाड्यांचा काही उपयोग नाही. दोन्ही अर्धसत्य आहे. ते समजायला आपल्याच राज्यातल्या दोन घटना पुरेशा आहेत.

एकच जिल्हा, दोन स्फोट

मे २०१७. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात मोहिमेवर असलेल्या सी-६० पथकाच्या जवानांची भूसुरुंगरोधक गाडी नक्षलवाद्यांनी स्फोटाने उडवली. एक जवान शहीद झाला. सुमारे वीस जण जखमी झाले, पण ते घरी परतले.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूर इथे रस्त्याच्या कामावरची वाहनं नक्षलवाद्यांनी जाळली होती. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाच्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ स्फोटात सापडली. ती साधी खासगी गाडी होती. १५ पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर, असे सोळाच्या सोळा गेले.

दोन्हीकडे दारू किती होती, ती कुठे पुरली होती, हे सारखं नव्हतं. त्यामुळे या दोन आकड्यांची तंतोतंत तुलना होत नाही. पण स्फोटानंतर माणसं उरली की नाही, याचं एक मोठं कारण त्यांच्या पायाखालचा पत्रा होता. म्हणून हा पत्रा नीट समजून घेऊ.

बुलेटप्रूफ वेगळं, सुरुंगरोधक वेगळं

आधी एक गल्लत दूर करू. ‘बख्तरबंद गाडी’ म्हटलं की आपण सगळ्या एका रांगेत उभ्या करतो. त्यांची कामं मात्र वेगवेगळी आहेत.

रणगाडा लढण्यासाठी असतो. पट्ट्यावर चालतो, तोफ चालवतो, त्याचं सगळ्यात जाड कवच समोर असतं.

बुलेटप्रूफ गाडी बाजूने येणाऱ्या गोळीसाठी असते. २६/११ नंतर मुंबई पोलिसांच्या ताफ्यात महिंद्राची ‘मार्क्समन’ आली, ती या प्रकारातली. तिचा तळ हातबॉम्ब झेलण्याइतपत मजबूत आहे. रस्त्यात पुरलेल्या दहा-वीस किलो दारूसाठी ती बनवलेलीच नाही.

भूसुरुंगरोधक गाडीचा सगळा विचार खालून सुरू होतो. लढणं हे तिचं मुख्य काम नाही. जवानांना एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं, आणि वाटेत स्फोट झालाच तर आतली माणसं जिवंत बाहेर काढायची, एवढंच तिचं काम. गाडी भंगारात गेली तरी चालेल, अशा हिशोबाने ती बनवलेली असते.

साध्या गाडीचं काय होतं?

टीएनटीसारखी दारू फुटते तेव्हा तिचा वेग सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर असतो. म्हणजे मेढ्याच्या स्टँडवर आवाज व्हायच्या आत सगळं घडून गेलेलं असतं. भोवतीची माती त्या दारूला तोफेच्या नळीसारखी धरून ठेवते. बाजूला जायला वाट नसते, म्हणून जोर वरच येतो. मागून माती आणि दगडही वर फेकले जातात.

जीप, पिकअप किंवा बसचा तळ सपाट असतो. सपाट तळ म्हणजे उघडा तळहात. खालून आलेला सगळा जोर तो पूर्णपणे अंगावर घेतो. पत्रा फाटतो किंवा आत फुगतो. फाटला नाही तरी तो इतक्या जोरात वर येतो, की त्यावर पाय टेकवून बसलेल्या माणसाची घोट्याची, नडगीची आणि कंबरेची हाडं मोडतात. मग गाडी उडते, माणसं टपावर आदळतात आणि गाडी परत खाली पडते. एका स्फोटात माणसाला असे तीन-चार वेगवेगळे मार बसतात. प्रत्येक मारासाठी वेगळा उपाय लागतो. भूसुरुंगरोधक गाडी म्हणजे या सगळ्या उपायांची बेरीज.

गाडी आतून कशी असते

आपल्यात गॅरेजची, वेल्डिंगची, ड्रायव्हिंगची लाइन करणारे भरपूर आहेत. त्यांना पुढची गोष्ट लगेच पटेल.

तळ होडीसारखा असतो. गाडीचं पोट इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखं, खाली निमुळतं. खालून आलेला जोर या उतारावर आपटून दोन्ही बाजूंना निघून जातो. पावसाचं पाणी कौलावरून घसरतं तसंच, फक्त उलट्या दिशेने. जाड पत्रा लावून जे साधत नाही ते हा उतार साधतो. शिवाय जाडीला मर्यादा आहे. एक चौरस मीटर पोलादी पत्रा दहा मिलिमीटर जाड केला की त्याचंच वजन साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरतं. सगळी गाडी नुसती जाड करत गेलं तर ती जागची हलायची नाही.

तळ जमिनीपासून उंच असतो. स्फोटाचा दाब अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. म्हणून जमीन आणि पोट यांच्यात जितकी जास्त मोकळी जागा, तितका फायदा. या गाड्या उंच, थोड्या बेढब दिसतात त्या यामुळे.

वेगळी चॅसी नसते. साध्या ट्रकला चॅसी असते आणि तिच्यावर बॉडी बसवतात. बऱ्याच सुरुंगरोधक गाड्यांत माणसं बसतात तो डबा हाच गाडीचा सांगाडा असतो. एक्सल, पाटे, गिअरबॉक्स हे सगळं त्याला बाहेरून जोडलेलं. स्फोट झाला की चाक आणि एक्सल तुटून लांब पडतात आणि त्यांच्याबरोबर बराचसा जोरही निघून जातो. फोटोत तीन चाकं गायब झालेली गाडी बघून लोक म्हणतात, ‘गाडी फेल गेली’. खरं तर तिने नेमून दिलेलं काम केलेलं असतं.

वेल्ड हा नाजूक भाग. कवचाचं पोलाद कडक असतं आणि साध्या पद्धतीने वेल्ड केलं तर सांध्याशेजारी तडा जातो. त्यासाठी पत्रा आधी तापवून घेणं, खास कोरडे रॉड वापरणं, थंड होऊ देण्याची पद्धत पाळणं, हे सगळं लागतं. पोटाचा टोकदार भाग सांधा न ठेवता एकाच पत्र्याला वाकवून काढणं चांगलं, कारण स्फोट आधी सांधाच शोधतो.

सीट तळाला बोल्ट केलेली नसते. ती टपाला किंवा बाजूच्या भिंतीला लटकवलेली असते. तळ वर उसळला तरी धक्का थेट मणक्यात जात नाही. पाय टेकायलाही तळापासून वेगळी पट्टी असते.

पट्टा चार-पाच ठिकाणी बांधायचा असतो. हा भाग सगळ्यात स्वस्त, आणि जवानांकडून सगळ्यात जास्त टाळला जाणारा. गाडी उडाल्यावर पट्टा नसलेला माणूस टपावर आदळतो, आणि मग तळ शाबूत राहूनही मानेला इजा होते. आत सुटी पडलेली पाण्याची कॅन, गोळ्यांची पेटी, जॅकचा दांडा, हेसुद्धा स्फोटाच्या वेळी दगडासारखे उडतात.

टायर पंक्चर झाला तरी गाडी काही किलोमीटर चालते, कारण आत कडक आधार बसवलेला असतो. हल्ल्याच्या जागेवरून बाहेर पडायला तेवढं अंतर महत्त्वाचं असतं.

हा शोध कुठून आला?

ही कल्पना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची. १९७० च्या दशकात ऱ्होडेशिया, म्हणजे आजचं झिम्बाब्वे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवर कच्च्या रस्त्यांत सुरुंग पेरले जात होते. तिथे व्ही आकाराच्या तळाच्या गाड्या बनू लागल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली ‘कॅस्पिर’. दक्षिण आफ्रिकेची पोलीस आणि तिथली संशोधन संस्था यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची अदलाबदल करून हे नाव बनवलं होतं.

या गाडीला दुसरी बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय माहिती पुरी होत नाही. वर्णभेदाच्या काळात हीच कॅस्पिर काळ्या लोकांच्या वस्त्यांमधून फिरवली गेली. आतल्या माणसाला ती वाचवत होती आणि बाहेर उभ्या असलेल्या पोराला घाबरवत होती. तिथल्या एका पिढीच्या मनात त्या गाडीचा आवाज अजून आहे. पुढे राल्फ झिमान या कलाकाराने एक जुनी कॅस्पिर घेऊन ती कारागिरांकडून रंगीत मण्यांनी पूर्ण मढवून घेतली, ती या आठवणीमुळेच. कवच चांगलं की वाईट, हे शेवटी ते कोण आणि कोणत्या गल्लीत वापरतो यावर ठरतं.

जगाला या गाड्यांची खरी ओळख इराक युद्धाने झाली. २००३ नंतर अमेरिकी सैनिक सपाट तळाच्या हमवी गाड्यांतून फिरत होते आणि रस्त्याकडेच्या बॉम्बमध्ये मरत होते. २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी सुरुंगरोधक गाड्यांची खरेदी सगळ्यात वरच्या प्राधान्यावर घेतली. त्या योजनेचं इंग्रजी संक्षिप्त नाव ‘एमरॅप’, आणि तेच नाव आता जगभर या प्रकाराला चिकटलं आहे. २७ हजारांहून जास्त गाड्या घेतल्या गेल्या, खर्च ५० अब्ज डॉलरच्या घरात गेला. त्यांच्यामुळे हजारो सैनिक आपल्या आईबापांकडे परत गेले असतील. पण त्याच रस्त्यांवरून टॅक्सीने, मिनीबसने बाजाराला आणि शाळेला जाणाऱ्या इराकी कुटुंबांना असं पोट असलेली गाडी कोणी दिली नाही.

भारतात आणि महाराष्ट्रात

भारताने १९९० च्या दशकाच्या शेवटी काश्मीरसाठी दक्षिण आफ्रिकेकडून कॅस्पिर घेतल्या. त्याच धर्तीवर तेलंगणातल्या मेदकच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ‘आदित्य’ गाडी तयार झाली. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतही अशा गाड्या बनल्या. सीआरपीएफ आणि राज्यांच्या पोलिसांकडे दिसणाऱ्या बहुतेक जुन्या एमपीव्ही या घराण्यातल्या.

यात आपल्या राज्याचा वाटा मोठा आहे. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था ‘व्हीआरडीई’ आहे. तिने टाटांबरोबर आठ चाकांची ‘व्हॅप’ ही बख्तरबंद गाडी विकसित केली. जमिनीवर चालते आणि पाण्यातूनही जाते. हीच गाडी मोरोक्कोने घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या बेरेशिद शहरात टाटांच्या कारखान्याचं उद्घाटन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झालं.

पुण्याच्या भारत फोर्ज समूहाची ‘कल्याणी एम-४’ ही दुसरी. दक्षिण आफ्रिकेच्या पॅरामाउंट कंपनीच्या रचनेवर ती आधारलेली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने तिच्यासाठी सुमारे १७८ कोटींची ऑर्डर दिली. मार्च २०२१ मध्ये महिंद्राला १,३०० हलक्या लढाऊ गाड्यांची १,०५६ कोटींची ऑर्डर मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत कल्याणी एम-४ आणि टाटांची शीघ्र कृती गाडी लष्करात दाखल झाली.

आयटीआय करणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. या गाड्या नुसत्या इंजिनिअरच्या कागदावर बनत नाहीत. चांगला वेल्डर, फिटर, मशिनिस्ट लागतो. एका सांध्यात राहिलेली हवा कोणाच्या तरी भावाचा जीव घेऊ शकते, हे समजून काम करणारा हात लागतो.

किती दारू, किती कवच?

कंपनीच्या जाहिरातीत ‘ब्लास्टप्रूफ’ लिहिलेलं असतं. तसा शब्द खरं तर वापरायलाच नको. प्रत्येक कवचाला किलोची मर्यादा असते.

नाटो देशांच्या मानकात सुरुंगासाठी पायऱ्या आहेत. दुसरी पायरी ६ किलो दारूची, तिसरी ८ किलोची, चौथी १० किलोची. प्रत्येक पायरीत दोन परीक्षा असतात : चाकाखाली स्फोट आणि पोटाखाली स्फोट. पोटाखालची परीक्षा जास्त अवघड. कॅस्पिर घराण्यातल्या गाड्यांसाठी चाकाखाली २१ किलो आणि पोटाखाली १४ किलो टीएनटी ही मर्यादा सांगितली जाते.

आता समोरचा माणूस काय करतो ते बघा. त्यालाही हे आकडे कळतात. गाडी १४ किलोची आहे म्हटल्यावर तो ४० किंवा ५० किलो पुरतो. फॅक्टरीतला सुरुंग मोजक्या वजनाचा असतो. हाताने बनवलेल्या आयईडीला वजनाचं बंधन नाही. रस्त्याखालची मोरी किंवा छोटा पूल मिळाला, तर तिथे डबेच्या डबे ठेवता येतात.

म्हणूनच सप्टेंबर २००५ मध्ये छत्तीसगडच्या विजापूर भागात सुरुंगरोधक गाडी उडवली तेव्हा वीसहून जास्त जवान गेले. १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ सीआरपीएफच्या अशाच गाडीतले नऊ जण गेले. अशा घटनांनंतर या गाड्यांना ‘चाकांवरची शवपेटी’ असंही म्हटलं गेलं.

ते म्हणणं रागातून आलेलं होतं, आणि राग खोटा नव्हता. पण साध्या गाड्यांचा हिशोबही शेजारी मांडावा लागतो. २७ मार्च २०१२ ला धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ सीआरपीएफची बस उडवली, १२ जवान गेले. ११ मे २०१४ ला चामोर्शी तालुक्यात साध्या गाडीतले सी-६० चे सात जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये दंतेवाड्यात अरनपूरजवळ भाड्याच्या गाडीतले दहा पोलीस आणि ड्रायव्हर गेले. ६ जानेवारी २०२५ ला विजापूर जिल्ह्यात कुटरू भागात आठ जवान आणि ड्रायव्हर गेले. पुलवाम्यात १४ फेब्रुवारी २०१९ ला ४० जवान ज्या बसमधून जात होते ती बसही बिनकवचाची होती. तिथे बॉम्ब जमिनीत पुरलेला नव्हता, बाजूने आलेल्या गाडीत होता. कवच हरतं तेव्हा त्याची मोठी बातमी होते. कवच नसतं तेव्हा सोळाच्या सोळा जातात.

गाडीचे स्वतःचे धोके

या गाड्यांचं वजन दहा-बारा टनांपासून पुढे सुरू होतं. कल्याणी एम-४ सोळा टनांच्या घरात जाते. उंच आणि जड गाडी वळणावर कलंडते. केळघर घाटातून पावसात ट्रक उतरवलेल्या ड्रायव्हरला याचा अंदाज येईल. अमेरिकी सैन्यातही अशा गाड्या उलटून माणसं दगावली. कॅनॉलच्या भरावावर कड खचते, जुना पूल वजन पेलत नाही, चिखलात गाडी रुतते.

दुसरा धोका सवयीचा. मजबूत गाडी मिळाली की माणूस तिच्यावर विसंबतो. रोज तोच रस्ता, तीच वेळ. समोरच्याला वाट बघायला एवढंच पुरतं. गाडी दूरवरून ऐकू येते, आणि रस्ता सोडून तिला फारसं जाता येत नाही.

म्हणून जंगलात अनुभवी पथकं बऱ्याचदा पायी जातात. गाडी जायच्या आधी रस्ता तपासणारी तुकडी पुढे निघते. बाजूच्या झाडीत तार दिसते का, माती ताजी उकरलेली आहे का, मोरीच्या तोंडाशी कोणी काही ठेवलंय का, ते बघते. बरोबर शोधक कुत्रं आणि यंत्र असतं. पक्का डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता झाला की बॉम्ब पुरणं अवघड होतं. दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनंच जाळली गेली, त्यात ही गोष्टही येते. पुलवाम्यानंतर आठवड्याभरातच केंद्राने निमलष्करी दलाच्या सगळ्या जवानांना काश्मीरला विमानाने जायची परवानगी दिली. कधी कधी सगळ्यात चांगलं कवच म्हणजे त्या रस्त्याने न जाणं.

आता गडचिरोली शांत होतेय, मग?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. ही चांगली बातमी आहे. पण पुरलेल्या सुरुंगाला शस्त्रसंधी कळत नाही. लढाई संपली तरी तो जमिनीत तसाच राहतो, आणि मग त्याच्यावर पाय पडतो तो गुरं राखणाऱ्याचा, मोह वेचायला गेलेल्या बाईचा. तिच्याकडे कोणती गाडी नसते. २००१-०२ मध्ये पाकिस्तान सीमेवर सुरुंग पेरले गेले, तेव्हा ते काढतानाही जवान आणि शेतकरी जखमी झाले होते. माणसं मारणाऱ्या सुरुंगांवर पूर्ण बंदी घालणारा १९९७ चा ओटावा करार भारताने केलेला नाही. सुरुंगांच्या वापरावर बंधनं घालणाऱ्या दुसऱ्या करारात मात्र भारत आहे. जमीन साफ करणं हे गाडी बनवण्याइतकंच मोठं काम आहे.

घरच्यांनी काय विचारावं?

फोनवर पोरगा म्हणतो, ‘अब्बा, गाडी मजबूत आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’ त्याने मोहिमेची माहिती फोनवर सांगायची नसते आणि आपणही विचारायची नाही. कुठे आहेस, कधी निघणार, कोणत्या रस्त्याने, हे प्रश्न नकोत. पण काही गोष्टी हक्काने बोलता येतात.

पट्टा बांधतोस का? कंटाळा आला, उकडतंय, जाकीट टोचतंय, काहीही असलं तरी बांध. हे आईने सांगितलं तर जास्त लागू पडतं.

आत सामान बांधलेलं असतं का? सुटं काही ठेवू नको.

स्फोटातून ‘काही न होता’ वाचलेल्या मुलाकडे लक्ष द्या. बाहेरून खरचटलेलं नसलं तरी कान वाजणं, कमी ऐकू येणं, सतत डोकं दुखणं, झोप न लागणं, लवकर चिडणं हे स्फोटाच्या दाबाने होऊ शकतं. सुट्टीवर आल्यावर त्याला भित्रा म्हणू नका आणि गप्पही बसू नका. डॉक्टरला दाखवा. इजेची नोंद त्याच्या दलाच्या दवाखान्यात त्याच वेळी झालेली असू द्या, पुढे पेन्शन आणि उपचारासाठी तोच कागद लागतो.

आणि एक गोष्ट आपल्या ड्रायव्हर भावांसाठी. कुरखेडा, अरनपूर, कुटरू, तिन्ही ठिकाणी मेलेल्यांत एक नाव गाडी चालवणाऱ्याचं होतं. बंदोबस्तासाठी, निवडणुकीसाठी, सरकारी कामासाठी गाडी भाड्याने लावणारे आपल्याकडेही आहेत. गाडी कुठे जाणार ते आधी विचारा. भाड्याचा करार लेखी घ्या. पॉलिसीत दहशतवादी कृत्याने होणारं नुकसान धरलंय का, ड्रायव्हरचा अपघाती विमा आहे का, हे वाचून घ्या, समजत नसेल तर शिकलेल्या पोराला वाचायला लावा. भाडं चांगलं मिळतं म्हणून कोणी काही विचारत नाही, आणि नंतर घरच्या बाईला कागद शोधत फिरावं लागतं.

शेवटी

विहिरीवरचा जुना सुरुंगवाला वात पेटवायच्या आधी तीनदा ओरडायचा, चारी बाजूंना माणूस पाठवायचा, आणि मगच काडी लावायचा. दारूवर त्याचा भरवसा नव्हता, भरवसा होता तो सावधगिरीवर. भूसुरुंगरोधक गाडीचंही तसंच आहे. ती मोठ्या अडचणीत माणसाला एक संधी देते. त्या संधीला पट्टा, तपासलेला रस्ता, रोज बदललेली वेळ आणि घाई न करणारा अधिकारी यांची जोड लागते. ज्या जवानांना अशा रस्त्यावर पाठवायचं, त्यांना किमान ही गाडी मिळालीच पाहिजे, आणि ती मिळाली म्हणून रस्ता न तपासता कोणी त्यांना पुढे काढू नये. एवढी मागणी करायचा हक्क मेढ्यातल्या घरालाही आहे आणि गडचिरोलीतल्या घरालाही.